न बघता एक पान

मस्कतमध्ये मला नावाने हाक मारणारी माणसं पुष्कळ होती. 'नापास' म्हणून हाक मारणारे एकच, आमच्या ऑफिसातले मास्तर. मी कंपनीत रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "टायपिंग येतं?" मी नको तितक्या प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की लग्नाआधी कऱ्हाडला मराठी तीसच्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्हीदा आपटले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस ते. लोक लपवतात." झालं. तेव्हापासून मी नापास. पुढे माझं प्रमोशन झालं, मिनिस्ट्रीतल्या लोकांशी भांडण्याइतकं अरबी मला यायला लागलं, तरी मास्तरांच्या लेखी माझा निकाल काही बदलला नाही.

मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते टायपिस्ट म्हणून ओमानला आले आणि अडतीस वर्षं त्याच एका कंपनीत राहिले. आमची कंपनी पाण्याचे पंप विकायची आणि दुरुस्त करायची. वादी कबीरला खाली वर्कशॉप आणि वर ऑफिस. खाली ग्राइंडर किंचाळत असायचा आणि वर मास्तरांचा कीबोर्ड. अडतीस वर्षांत त्यांच्या हुद्द्याचं नाव चार वेळा बदललं, काम मात्र एकच राहिलं. कुणीतरी काहीतरी सांगायचं आणि मास्तरांनी ते टाइप करायचं.

माणसं ते स्पीडवरून ओळखत. मॅनेजर दोन बोटांनी टाइप करायचा, म्हणून तो 'पंधरा'. अकाउंट्समधली मल्याळी मुलगी 'पंचेचाळीस', आणि तिच्याशी मास्तर फार अदबीने बोलत. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, यांना मात्र त्यांनी कधी आकडा दिला नाही. "ते सही करतात," म्हणायचे. "सहीला स्पीड नसतो."

कॉम्प्युटर येऊन जमाना झाला होता, पण मास्तरांच्या हातांना ते कुणी कळवलंच नव्हतं. कीबोर्डवर ते असे तुटून पडत की दर तीन-चार महिन्यांनी नवा मागवावा लागे. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जाई आणि टाइपरायटरवर कागद धरून सरकणारी, पण इथे नसलेली कॅरेज सपकन उजवीकडे ढकली. त्या वाटेत जे येईल ते जाई. स्टेपलर गेला, मोबाईल गेले, एकदा पंधराचा करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा गेला, तोही टेंडरच्या कागदांवर. बरं, मास्तर अरबी मशीनवरही बरीच वर्षं बसले होते आणि त्या मशीनची कॅरेज उलटी पळते. त्यामुळे अरबी पत्र निघालं की उजवा हात डावीकडे सुटायचा. त्यांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना शहाणी माणसं काही ठेवत नसत.

दुसरी सवय म्हणजे 'टिंग'. मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं लांबलं की मास्तर मान खाली घालून हळूच "टिंग" म्हणत. पहिल्यांदा मला वाटलं कुणाचा तरी मोबाईल वाजला. मग त्यांनीच समजावलं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. "पण घंटी वाजली म्हणजे ओळ संपली असं नाय गो. अजून सहा-सात अक्षरांची जागा असते. तेवढ्यात हातातला शब्द पुरा करायचा आणि खाली यायचं. शहाण्याला तेवढी जागा पुष्कळ होते." अर्बाबांना मराठी येत नव्हतं, पण टिंग बरोबर कळायची. एकदा पंधरा अर्धा तास बोलत होता, तेव्हा अर्बाब स्वतःच म्हणाले, "टिंग. यल्ला, खलास," आणि उठून गेले. त्या दिवशी मास्तरांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला.

बोलणं कुठल्याही विषयावर चालू असू दे, मास्तर त्यावरून टाइपरायटरच्या जन्मकथेवर येऊ शकत. पेट्रोलचे भाव, भारत-पाकिस्तान मॅच, माझ्या सासूबाईंचा गुडघा, कशावरूनही. आणि ते इतिहास म्हणून सांगतच नसत, घरातल्या थोरल्यांच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत. ज्या अमेरिकन माणसाने हे मशीन धड चालतं केलं त्याला ते 'आपला मूळपुरुष' म्हणत.

"छापखान्यातला माणूस. वर्तमानपत्र काढायचा. पानांवर नंबर छापायचं यंत्र करत बसला होता. एक जण बघायला आला, म्हणाला, नंबर छापता, मग अक्षरं का नाय छापत? झालं. पडला नादाला. पहिल्या मशीनला पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या, ठाऊक आहे? आणि कारखाना कुणी दिला? बंदूकवाल्यांनी! लढाई संपलेली, बंदुका घेतो कोण? ते शिलाई मशीनं पण करायचे. मग आपल्याही मशीनवर वेलबुट्टी काढली आणि खाली दिलं पायडल. ओळ संपली की पाय मारायचा."

"मग तेव्हा चहा सांडत नसेल," मी म्हटलं.

"तेव्हा मांजर लाथाडलं जात असेल," मास्तर म्हणाले. "आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या मशीनमध्ये अक्षरं कागदावर खालून बसायची. आपण काय टाइप केलं ते चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसायचंच नाय. लोकांनी वर्षानुवर्षं न बघता टाइप केलं. आणि तुझ्यासमोर सगळं लख्ख दिसत होतं, तरी नापास!"

बायकांना ऑफिसात खुर्ची मिळाली ती या मशीनमुळे, हेही ते मला अधूनमधून ऐकवत. मूळपुरुषाने आपल्या मुलीला मशीनवर बसवलं होतं. "तू इथे एसीत बसून मला अक्कल शिकवतेस, ती त्याची कृपा. वर्षातून एक फूल तरी वाहत जा त्याला." मी वाहिलं नाही, पण मास्तर वाहत असत. त्यांच्या फ्लॅटवर त्यांचं स्वतःचं मराठी मशीन होतं. मुंबईत बनलेलं, करड्या पोलादाचं, अठरा किलोचं. तालुक्याची टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा ज्या मशीनवर शिकले तेच त्यांनी मागून घेतलं आणि सुट्टीवरून परत येताना मस्कतला आणलं. खंडेनवमीला लोक शस्त्रं पुजतात, मास्तर ते मशीन पुजायचे. "बंदुकांच्या कारखान्यात जन्मलेल्या घराण्यातलं आहे. हे शस्त्र नाय तर काय?" मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, हमीदभाईंचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. ते मास्तरांच्याच तालुक्यातले, तीस वर्षांचे दोस्त. ते दर वर्षी पूजेला लोबान घेऊन येत. हळदकुंकू मास्तरांचं, धूर हमीदभाईंचा आणि शिरा माझ्याकडचा, अशी वाटणी होती.

या मशीनवर एके काळी अर्ध्या कोकणचा टपालव्यवहार चालायचा. फोन महाग होते तेव्हाची गोष्ट. ज्यांना लिहायला जमत नसे अशी वेल्डर, गवंडी, सुतार मंडळी सुट्टीच्या दिवशी मास्तरांकडे येत आणि बायकोला काय कळवायचं ते लाजत लाजत सांगत. गुहागरकडचा एक वेल्डर होता. त्याचं पहिलंच टाइप केलेलं पत्र गावी पोचलं आणि घरात हाहाकार उडाला. टाइप केलेला कागद त्या घराने एकदाच पाहिला होता, जमिनीच्या दाव्यात. कोर्टाची नोटीस आली म्हणून त्याच्या बापाने ते न फोडताच तांदळाच्या कणगीत लपवलं. तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. चौथ्या दिवशी सगळं घर एसटीने तालुक्याला वकिलाकडे गेलं. वकिलाने चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, "प्रिय सौभाग्यवती, तुझ्या हातच्या माशाच्या कालवणाची आणि तुझी फार आठवण येते." त्याची बायको बिचारी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली, आणि त्यानंतर नवऱ्याशी दोन महिने बोलली नाही.

मास्तरांना यात नवल वाटलं नाही. "अमेरिकेत पण असंच झालं होतं. टाइप केलेलं पत्र बघून लोक चिडायचे. मला हातचं वाचता येत नाय असं समजलास काय, म्हणायचे." पण त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. टाइप करण्याआधी ज्याचं पत्र त्याने कागदाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने काहीतरी काढायचं. फूल, होडी, मासा, काहीही. म्हणजे घरच्यांना कळावं की कोर्टाचं नाही, आपल्या माणसाचं आहे. मास्तर त्याला 'हाताची खूण' म्हणत. कितीतरी बायकांनी ती पत्रं ट्रंकेत जपून ठेवली असतील, आणि मजकुरापेक्षा त्या वेड्यावाकड्या माशांसाठी, असं मला आपलं वाटतं.

मी त्या खोलीत जायला लागले ती माझ्या मुलीमुळे. आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, मास्तर दुसऱ्यावर. रेवा तेव्हा अकरा वर्षांची, वादी कबीरच्याच शाळेत. शाळा दुपारी सुटायची. मास्तरांना वयामुळे ऑफिसातून तीनला सोडत, मला सहाला. मधले तीन तास ती मास्तरांकडे. मास्तरांची बायको कायम गावी, मुलगे पुण्याला, त्यामुळे त्यांनाही सोबत हवी होती, पण ते तसं कबूल करत नसत.

रेवाचं मराठी म्हणजे आमच्या घरचं दुखणं होतं. ती मास्तरांना म्हणायची, "मास्तर, मी हंग्री झाले, काही स्नॅक आहे?" मी असते तर ओरडले असते. मास्तरांनी शब्दानेही टोकलं नाही. त्यांनी चिक्कीचा डबा कपाटावर ठेवला आणि मशीनकडे बोट दाखवलं. "बायो, इथे तोंडी अर्ज घेत नाय." चिक्की हवी तर मराठीत टाइप करून मागायची. पहिला अर्ज लिहायला तिला पाऊण तास लागला. महिनाभरात ती चिक्कीबरोबर सरबतही मागायला लागली. मग मास्तरांनी मशीनवर आपला पंचा पसरला आणि सांगितलं, आता पंचाखाली हात घालून. "प्रत्येक बोटाला एक घर असतं. तिथून निघायचं, अक्षर मारायचं आणि घरी परत यायचं. बघायचं कशाला? तू तुझ्या घरी जाताना जिना बघतेस काय?" रेवा खिदळायची आणि मारत सुटायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला खेळ हवा आणि पोरीला चिक्की.

मग एक दिवस मास्तरांनी अर्बाबांच्या पत्रावर कंपनीचा शिक्का उलटा मारला. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी पाहिलं, ते कागद नाकाला लावून बघत होते. पॅन्ट्रीत गाठून विचारलं तेव्हा चहात साखर ढवळत म्हणाले, "काचबिंदू. डावा बराचसा गेला. उजवा थेंबांवर टिकून आहे. पंधराला सांगू नकोस."

"मास्तर, अहो, मग टाइप कसं करता तुम्ही?"

"अगो, टाइप करायला डोळे कशाला?" ते हसले. आणि मला वाईट वाटू द्यायचीही फुरसत न देता गोष्टीवर आले. आपल्या मूळपुरुषाच्याही साठ वर्षं आधी इटलीत एक खानदानी बाई होती, आंधळी. तिला पत्रं लिहिता यावीत म्हणून तिच्या मित्राने एक लिहायचं मशीन केलं. "म्हणजे हे घराणं डोळसांचं नायच मुळात. आपण मध्येच घुसलो. तिचं मशीन हरवलं, कुठे गेलं कुणाला माहीत नाय. पत्रं तेवढी राहिली." एवढ्यावरच त्यांनी गोष्ट संपवली. टिंग कुणीच म्हटलं नव्हतं. मी त्यांचा कप धुतला.

डिसेंबरात फायनल एक्झिट घेऊन कायमचं गावी जायचं त्यांनी ठरवलं. प्रश्न उरला मशीनचा. विमानात तीस किलो सामान, त्यातलं अठरा किलो मशीनच खाणार. गावाहून काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "तुम्ही या, ते धूड आणलंत तर मी माहेरी जाईन." काकूंचं वय तेव्हा साठ. पण वजनाचं निमित्त होतं. खरं दुखणं मास्तरांनी खंडेनवमीच्या पूजेला सांगितलं. "गावी नेलं तर कपाटावर चढेल. मुलगे फोनशी बोलतात आणि फोन टाइप करतो. वापरलं नाय की मशीन मरतं. जायच्या आधी मला ते वापरणारा माणूस पाहिजे."

हमीदभाई लोबान ढवळता ढवळता म्हणाले, "माज्याकडं द्या मास्तर. दुकानात काचेत ठेवतो. बोटीवरनं फिरंगी येतात, फोटू काढतील. कोन हात पन लावनार नाय."

"हात लावणार नाय म्हणूनच देत नाय," मास्तर म्हणाले. मग त्यांनी अट जाहीर केली. मशीन त्याचं, जो मशीनवर पंचा टाकून, न बघता, न थांबता एक पान टाइप करील. स्पीड कितीही चालेल. कुणीच नाही निघालं तर जाण्याच्या आदल्या दिवशी हमीदभाईंच्या काचेत.

आमच्या मराठी मंडळात बातमी पसरली. कॅफे काढणारा एक जण शोभेसाठी मागायला आला, मास्तरांनी त्याला पंचा दाखवला, तो चहा पिऊन गेला. मंडळाचे सेक्रेटरी आले. त्यांनी जुनं चाळीसचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं होतं. तिसऱ्या ओळीला त्यांनी पंचाचं टोक हळूच उचललं आणि मास्तर पाठमोरे असूनही म्हणाले, "साहेब, हवा लागली." मास्तर परीक्षा कानांनी घेत. मशीनकडे पाठ करून खुर्चीत बसायचे आणि ठोक्यांवरून सांगायचे, कुठे अडखळला, कुठे अक्षरांच्या दोन काड्या एकमेकींत अडकल्या. मीही एकदा बसले. अर्धं पान झालं नाही तोच ते म्हणाले, "सातत्य आहे हो तुझ्यात. तिसऱ्यांदा."

डिसेंबर लागला तरी वारस मिळाला नाही. मास्तर हसत-खिदळत होते, पण संध्याकाळी रेवाला आणायला जायची तेव्हा ते मशीनला तेल देत बसलेले दिसायचे, रोज, गरज नसताना. आणि मग रेवाच म्हणाली, "मास्तर, मी ट्राय करू?"

शुक्रवारी सकाळी परीक्षा ठरली. साक्षीदार हमीदभाई, मी आणि माझा नवरा. मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून पाठमोरे बसले. "बघून उतरवायचं नाय," ते म्हणाले. "मनातलं लिही. तुझं मराठी, तुझं पान." रेवाने आधी कागदावर पेनने फूल काढलं, कागद चढवला, पंचा पसरला, हात आत घातले. नेमकं तेव्हाच हमीदभाईंना प्रेम आलं. "थांब गो बायो, खजूर खा, ताकद येल." तिने हात बाहेर काढले, खजूर खाल्ला, बोटं फ्रॉकला पुसली, हात पुन्हा पंचाखाली घातले आणि सुरू केलं.

ती अशी वाजवत गेली की माझा विश्वास बसेना. एका लयीत. घंटी, कॅरेज, पुन्हा ठोके. मास्तरांची मान हलत होती. एकदाच म्हणाले, "जोडाक्षराला दचकू नकोस." पान संपलं. मास्तर उठून उभे राहिले आणि हमीदभाईंना म्हणाले, "काढा. वाचा."

हमीदभाईंनी कागद ओढून काढला, लांब धरला, जवळ धरला. "मास्तर," ते म्हणाले, "ह्ये काय जिन-भुतांची भाशा हाय काय?"

मी कागद पाहिला. एक शब्द धड नव्हता. नुसत्या मात्रा, अर्धी अक्षरं, मधेच आकडे. अख्खं पान, वरपासून खालपर्यंत. रेवाने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले. नवरा पुटपुटला, "अगं, लहान आहे ती."

मास्तरांनी कागद मागितला. तो नाकाशी धरून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि उजव्या डोळ्याने एकेक अक्षर टिपत राहिले. दुसरा हात मांडीवर होता. जरा वेळाने मांडीवरची बोटं हलायला लागली, नसलेल्या मशीनवर, हळूहळू. आणि एकदम ते खो खो हसले. "अगो, खजूर! खजुराने घात केला! हात बाहेर काढलेस आणि परत ठेवताना एक घर उजवीकडे ठेवलेस. सगळं पान एक घर सरकलंय. टायपिस्टाशिवाय ही चूक कुणाला जमायची नाय." मग मांडीवर बोटं डावीकडे मोजत मोजत त्यांनी ते जिनांचं पान मोठ्याने वाचायला घेतलं.

"आमच्या बिल्डिंगमध्ये मास्तर राहतात. ते मोठ्याने बोलतात. ते चॉकलेट देत नाहीत, चिक्की देतात. माझी मम्मा नापास आहे पण ते तिला चहा देतात. मास्तर डिसेंबरमध्ये जाणार. सगळे म्हणतात, मस्कतमधून सगळे जातात. मला ते आवडत नाही. मशीन काचेत ठेवले तर ते रडेल. मशीनला रडायचे नसते, नाहीतर गंज येतो. म्हणून मी पण नाही रडणार. पण मला थोडा गंज आला आहे."

शेवटच्या ओळीला मास्तरांची बोटं मांडीवर थांबली. हमीदभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. मी सरळ रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दोन वर्षं मी त्या पोरीच्या मराठीच्या नावाने बोटं मोडत होते.

"सरकारी परीक्षेत याला शून्य मार्क," मास्तर म्हणाले. "नियम म्हणजे नियम." रेवाने ओठ मुडपले. "पण अट काय होती? न बघता, न थांबता, एक पान. सरकारी लोकांना बघायची सवय, म्हणून त्यांना चूक दिसते. मी ऐकत होतो. एकही ठोका चुकलेला नाय." त्यांनी मशीनवरचा पंचा उचलला, नीट चौपदरी घडी केली आणि तिच्या हातात दिला. "हमीद, काच दुसऱ्या कशाला वापर."

ते गेले त्या दिवशी विमानतळावर त्यांचं सामान एकोणतीस किलो भरलं. एका किलोची जागा उरली म्हणून हमीदभाईंनी ऐनवेळी खजूर कोंबले. मास्तर म्हणाले, "अजून परीक्षा घ्यायची आहे काय माझी?" आणि आत निघून गेले. मागे वळून बघितलं नाही, बघून त्यांना आम्ही दिसलोही नसतो.

मशीन आता आमच्या हॉलमध्ये आहे. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात.

पाच-सहा महिन्यांनी कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये रेवाच्या नावाचं पाकीट आलं. कागदाच्या डोक्यावर पेनने काढलेला एक मासा होता. त्याची शेपटी अंगापासून बोटभर लांब, भलतीकडेच पडली होती. खाली अख्खं पान जिनांच्या भाषेत. रेवाने ते हातात घेतलं, सोफ्यावर मांडी घातली आणि मांडीवर बोटं चालवत वाचून दाखवलं. ती एकदाही अडखळली नाही.

"चिरंजीव रेवास आशीर्वाद. तालुक्याला जुन्या इन्स्टिट्यूटचा कॉम्प्युटर क्लास झाला आहे. मागच्या खोलीत एक मशीन धूळ खात होतं. रोज पुसतो, म्हणून बसू देतात. उजवा डोळा आता फक्त उजेड दाखवतो. घाबरायचं नाही, आपलं घराणंच न बघणाऱ्यांचं. घंटी वाजली आहे, पण ओळीत जागा आहे. हे पान सरकलेलं असेल, तर ते मी मुद्दाम सरकवलं की आपोआप सरकलं, हे तुझ्या आईने विचारू नये. नापास लोकांना ते कळायचं नाही. रिबन बदललीस का?"

मी विचारलंच. "मुद्दाम केलं असेल ना गं त्यांनी?"

रेवाने कागद घेतला, वर एक मासा काढला, शेपटी जागेवर असलेला. कागद चढवला, पंचा पसरला, बोटं घरावर ठेवली, आणि जरा थांबून एक घर उजवीकडे नेली.

"अगं पण आता ते वाचणार कसे? काकूंना वाचून दाखवायला लागेल. त्यांना यातलं एक अक्षर कळणार नाही."

"काकूंना नको कळू दे," रेवा म्हणाली. "त्यांनी फक्त एकेक अक्षर बोलायचं. मास्तर मांडीवर टाइप करतील."

आणि तिने सुरू केलं. तो मासा त्यांना दिसणार नाही, तो कशाला काढलास, असं मी विचारणार होते. तेवढ्यात ओळीची घंटी वाजली, आणि मी गप्प बसले.